विमानविद्येच्या पोथ्यांचा माग

मराठी घरांत जुन्या विमानविद्येचा विषय निघाला की शिवकर बापूजी तळपदे हे नाव हटकून निघते. १८९५ साली मुंबईच्या चौपाटीवर या पाठारे प्रभू गृहस्थाने 'मरुत्सखा' नावाचे माणूसविरहित विमान उडविले. ते पंधराशे फूट उंच गेले आणि मग खाली आले. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड आणि न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी हा प्रकार डोळ्यांनी पाहिला. 'केसरी'ने त्याची बातमी छापली. राइट बंधूंच्या आधी तब्बल आठ वर्षे! ही हकीकत ऐकताना ऊर भरून येणार नाही असा मराठी माणूस विरळा. जानेवारी २०१५ मध्ये मुंबईत भरलेल्या भारतीय विज्ञान परिषदेत प्राचीन विमानविद्येवर एक निबंध वाचला गेला, त्याच महिन्यात तळपदे यांच्यावर एक हिंदी चित्रपटही आला, आणि ही हकीकत पुन्हा घरोघर पोचली.

प्रस्तुत लेखाला विमान उडाले की नाही या वादात फारसे शिरावयाचे नाही. त्या वादाच्या मुळाशी एक साधा प्रश्न आहे आणि तो सहसा कोणी विचारीत नाही. तळपदे यांनी आपले यंत्र प्राचीन शास्त्रग्रंथांच्या आधारे केले असे सांगतात. तो ग्रंथ कोणता, आणि तो कोणत्या ग्रंथालयात, कोणत्या कपाटात पाहावयास मिळतो? या प्रश्नाचा माग काढीत गेल्यास वाट मुंबईहून सातारा जिल्ह्यातील औंधला जाते, तेथून बडोदा, पुणे, म्हैसूर आणि बंगलोर येथे फिरते, आणि आपल्या श्रद्धेच्या वाचकांना नवल वाटेल, पण शेवटी इटलीतील ब्रेशिया नावाच्या गावी एका येशूसंघीय धर्मगुरूच्या टेबलापाशी जाऊन पोचते.

तळपदे यांच्याविषयी निश्चित सांगता येते ते थोडे आहे. त्यांचा जन्म १८६४ चा आणि मृत्यू १९१६ चा. मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभॉय कलाशाळेशी त्यांचा संबंध होता, आर्यसमाजाच्या विचारांनी ते भारलेले होते, आणि स्वामी दयानंदांच्या वेदभाष्याने त्यांच्या मनात विमानाची कल्पना रुजविली. १९०७ साली त्यांचे 'प्राचीन विमानकलेचा शोध' हे मराठी पुस्तक निघाले. चौपाटीच्या प्रयोगाबद्दल मात्र दाखले देताना लेखकांची लेखणी एकदम सैल होते. 'केसरी'चे नाव घेतात, पण अंकाची तारीख बहुधा देत नाहीत. 'केसरी'सारख्या पत्राच्या बाबतीत तारीख नसलेला दाखला हा दाखलाच नव्हे, कारण त्याचा प्रत्येक अंक वार, तारीख आणि साल घेऊनच बाहेर पडत असे.

एक साक्षीदार मात्र वजनदार आहे. वेदांचे थोर अभ्यासक पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर हे तळपदे यांचे विद्यार्थी म्हणून ओळखले जातात, आणि मरुत्सखा काही मिनिटे हवेत राहिले असे त्यांनी लिहिल्याचे सांगतात. पंधराशे फुटांची गोष्ट आणि 'काही मिनिटे' ही गोष्ट यांत किती अंतर आहे, हे वाचकांच्या लक्षात आलेच असेल. जो माणूस घटनेच्या अधिक जवळ, त्याचा शब्द अधिक मोजका, असा अनुभव इतिहासात पुष्कळदा येतो.

सातवळेकर मूळचे सावंतवाडीकडील कोलगावचे. जन्म १८६७ चा. त्यांनीही मुंबईच्या त्याच कलाशाळेत चित्रकलेचे धडे घेतले, हैदराबादेत चित्रशाळा चालविली, पुढे गुरुकुल कांगडी आणि लाहोर असा प्रवास करून १९१८-१९ च्या सुमारास ते औंधला स्थिरावले. तेथे त्यांनी स्वाध्याय मंडळ उभारले आणि वेदांच्या शुद्ध संहिता छापण्याचे प्रचंड काम हाती घेतले. शंभर वर्षे आयुष्य लाभलेल्या या पंडिताने आपली ऐन कर्तबगारीची तीस वर्षे यमाईच्या डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या त्या लहानशा संस्थानी गावात घालविली.

औंधचे अधिपती श्रीमंत भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे स्वतः चित्रकार. त्यांचे संस्थान चिमुकले आणि तेही तुकड्यातुकड्यांचे: काही गावे आजच्या सातारा जिल्ह्यात, काही आटपाडी, कुंडल अशी आजच्या सांगली जिल्ह्यात, तर काही पार विजापूरकडे. पण माणसे हेरण्याची त्यांची दृष्टी मोठी. १९१० साली बेळगावहून निघावे लागलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना त्यांनी कुंडलजवळच्या निवडुंग माजलेल्या माळावर जागा दिली आणि तेथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. योगायोग असा की लक्ष्मणरावही मुंबईच्या त्याच कलाशाळेचे विद्यार्थी. रंगांतले भेद डोळ्यांना नीट उमगत नाहीत असे ध्यानात आल्यावर त्यांनी चित्रकला सोडून यंत्रांची रेखाटने धरली आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये अध्यापन केले. तळपदे आपले विमान रचीत होते तेव्हा लक्ष्मणराव मुंबईतच होते. ते परदेशी यंत्रविद्येची पुस्तके व मासिके मन लावून वाचीत, आणि वाचलेले लेथवर घालून पाहत. त्यांचा पहिला लोखंडी नांगर शेतकऱ्याने घ्यावा म्हणून त्यांना दोन वर्षे वाट पाहावी लागली. लोखंडाचा फाळ जमीन नासवितो असा समज होता, आणि तो समज पुस्तक दाखवून गेला नाही. शेत नांगरून दाखविल्यावर गेला.

एकाच राजाच्या छत्राखाली एकीकडे वेदांचा छापखाना आणि दुसरीकडे लोखंडाची भट्टी. परंतु बाळासाहेबांचे आणखी एक काम या लेखाच्या दृष्टीने त्याहूनही महत्त्वाचे आहे. त्याकडे येण्यापूर्वी आपल्याला त्या बहुचर्चित विमानग्रंथाकडे वळले पाहिजे.

'वैमानिक शास्त्र' नावाचा संस्कृत ग्रंथ आज सर्वत्र मिळतो. महर्षी भरद्वाजांच्या 'यंत्रसर्वस्व' या महाग्रंथाचा तो एक भाग आहे, असे त्यातच म्हटले आहे. त्यात रुक्म, सुंदर, शकुन आणि त्रिपुर या चार विमानांची वर्णने आहेत, धातू आहेत, आरसे आहेत, वैमानिकाचा आहारदेखील आहे. स्वामी ब्रह्ममुनी परिव्राजक यांनी १९५९ साली तो हिंदी अनुवादासह प्रसिद्ध केला आणि १९७३ साली म्हैसूरचे जी. आर. जोसयर यांनी इंग्रजी अनुवादासह. ब्रह्ममुनींना त्याची एक प्रत १९४४ साली बडोद्याच्या राजकीय संस्कृत ग्रंथालयात मिळाली. पुण्यातही एक प्रत आढळली. बडोदा, पुणे, म्हैसूर अशा तीन दूरदूरच्या ठिकाणी एकच ग्रंथ! सामान्य वाचकाला यापेक्षा भक्कम पुरावा तो कोणता हवा?

बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील मुकुंद, देशपांडे, नागेंद्र, प्रभू आणि गोविंदराजू या पाच अभ्यासकांनी नेमका हाच पुरावा उलगडून पाहिला. त्यांचा निबंध १९७४ साली 'सायंटिफिक ओपिनियन' या नियतकालिकात आला. विमानशास्त्राच्या विभागातली ही माणसे आकडेमोड करून थांबली असती तरी चालले असते, पण त्यांनी आधी ग्रंथाची वंशावळ काढली, आणि माझ्या मते त्या निबंधाचा हाच भाग सर्वांत मोलाचा. पुण्याच्या प्रतीवर १९१९ सालातील तारीख होती आणि सही होती व्यंकटाचल शर्मा यांची. हे शर्मा म्हणजे आनेकलचे पंडित सुब्बराय शास्त्री यांचे लेखनिक. शास्त्रीबोवा अंतःस्फूर्तीने श्लोक म्हणत आणि शर्मा ते वह्यांत उतरून घेत. हे काम १९१८ ते १९२३ या काळात चालले. बडोद्याची प्रत, पुण्याची प्रत, म्हैसूरची प्रत, तिन्हींची वाट शर्मांच्या त्या वह्यांपाशी येऊन थांबते. त्याच्या मागे ताडपत्र नाही, भूर्जपत्र नाही, जुन्या कोणा भाष्यकाराने घेतलेला उतारा नाही. विमानांच्या ज्या आकृत्या पाहून लोक थक्क होतात, त्याही १९२३ साली बंगलोरच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयातील एल्लप्पा नावाच्या आरेखकाने शास्त्रीबोवांच्या सांगण्यावरून काढल्या.

ग्रंथ १९०४ च्या आधीचा असू शकत नाही, असा निष्कर्ष त्या पाच जणांनी काढला. वर्णिलेल्या विमानांपैकी एकही उडण्याजोगे नाही; ज्या युक्तीने ते वर उचलले जावे असे सांगितले आहे ती युक्ती उलट त्याला अडवील, असे त्यांनी गणिताने दाखविले. तळपदे यांच्यासंबंधीही त्यांच्या हाती माहिती आली. शास्त्रीबोवांच्या मार्गदर्शनाखाली मुंबईत तळपदे यांनी काही प्रतिकृती करून पाहिल्या होत्या, पण त्यांतली एकही उडाली नाही. ही माहिती शास्त्रीबोवांच्या बाजूकडून आलेली आहे, विरोधकांकडून नव्हे, हे विशेष.

सुब्बराय शास्त्री लबाड होते असे या निबंधात कोठे म्हटलेले नाही आणि मलाही तसे वाटत नाही. अत्यंत गरिबीत वाढलेला, आजाराने गांजलेला, एका साधुपुरुषाच्या कृपेवर श्रद्धा असलेला हा माणूस आपल्या मुखातून निघणारे श्लोक खरोखर भरद्वाजांचे आहेत असे मानीत असावा. प्रश्न त्याच्या सचोटीचा नाही. एका खोलीत उच्चारलेला शब्द तीन ग्रंथालयांत जाऊन बसला म्हणून तीन साक्षीदार झाले का, हा प्रश्न आहे. बडोद्याच्या ग्रंथालयाचा शिक्का पोथीला वय देत नाही. ती पोथी तेथे आहे एवढेच तो सांगतो.

आता औंधकडे परत येऊ. शर्मा बंगलोरकडे वह्या भरीत होते त्याच सुमारास, १९१८-१९ मध्ये, पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढण्याचा संकल्प झाला, आणि त्यासाठी एक लाख रुपयांचे साहाय्य जाहीर केले ते बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी. त्या काळातील लाख रुपये, आणि तेही औंधसारख्या संस्थानाचे! शिवाय त्या आवृत्तीसाठी त्यांनी स्वतः चित्रे काढून दिली. एप्रिल १९१९ मध्ये काम सुरू झाले, १९२५ मध्ये डॉ. विष्णु सीताराम सुकथनकर यांनी त्याची धुरा उचलली, आणि ते पुरे झाले १९६६ साली. सुकथनकर बर्लिनचे संस्कृत पंडित, पण त्याआधी केंब्रिजला गणित शिकलेले. ते गणित त्यांच्या कामात पानोपानी दिसते.

या आवृत्तीसाठी साडेबाराशेच्या वर हस्तलिखिते गोळा झाली: काश्मीरची शारदा लिपीतली, नेपाळची, मैथिली, बंगाली, दक्षिणेकडची तेलुगू, ग्रंथ आणि मलयाळम लिपीतली. तंजावरच्या सरस्वती महालातून पाठ मिळविले गेले, शांतिनिकेतनातही तुलनेचे काम चालले. पण सुकथनकरांनी हस्तलिखिते नुसती मोजली नाहीत. शंभर पोथ्या जर एकाच पोथीवरून उतरलेल्या असतील तर त्यांचे मत एकच धरावयाचे, हा त्यांचा नियम. काश्मीरची पोथी आणि केरळची पोथी यांची शेकडो वर्षांत गाठ पडलेली नाही, आणि तरी दोघींत एकच पाठ आहे, तर तो पाठ जुना. कारण दोघींनी एकमेकींकडून घेतलेला नाही. हा नियम कळला की 'वैमानिक शास्त्रा'च्या तीन प्रतींचे काय करावयाचे हे शाळकरी मुलालाही सांगता येते. म्हणजे ज्या औंधात मरुत्सखाची आठवण सांगणारे पंडित राहत होते, त्याच औंधच्या खजिन्यातून ती आठवण तपासण्याची पद्धत उभी राहत होती. आपल्या इतिहासातील असे योगायोग पाहून मला नेहमी मौज वाटते.

हरवलेला ग्रंथ आणि कधीच नसलेला ग्रंथ यांत भेद आहे आणि तो आपल्या समाजाला वेगळा समजावून सांगण्याची गरज नसावी. फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली राशोल येथे प्रथम छापले गेले, नंतर आणखी दोनदा छापले गेले. त्या तीन जुन्या आवृत्त्यांपैकी एकाही छापील प्रतीचा आज पत्ता नाही. म्हणजे हा ग्रंथही एका अर्थी 'हरवलेला'. पण गोवा, मंगळूर आणि कोकण या भागांतील ख्रिस्ती कुटुंबांनी त्याची हस्तलिखिते पिढ्यान्‌पिढ्या जपली. अशा अनेक हस्तलिखितांवरून जोसेफ साल्ढाणा यांनी १९०७ साली मंगळूरला रोमन लिपीतील आवृत्ती काढली. (तळपदे यांचे पुस्तकही त्याच वर्षाचे.) आणि १९२० नंतरच्या दशकात अमेरिकन मिशनरी जस्टिन ॲबट यांना लंडनच्या प्राच्यविद्या शाळेत, विल्यम मार्सडेन यांच्या संग्रहात, देवनागरी लिपीतले हस्तलिखित आढळले. लंडनची देवनागरी पोथी आणि मंगळूरच्या रोमन पोथ्या एकमेकींना ओळखत नव्हत्या, तरी दोघींत तेच पुराण होते. छापील प्रत मिळाली नाही म्हणून कोणी स्टीफन्सवर शंका घेत नाही, याचे कारण हे आहे.

विमानाच्या बाबतीतही अस्सल जुने ग्रंथ आहेत, आणि ते अस्सल असल्यामुळेच त्यांच्या चुका आपल्याला दिसतात. धारच्या भोजराजाचा 'समरांगणसूत्रधार' हा अकराव्या शतकातला वास्तुग्रंथ हस्तलिखितांवरून संपादून टी. गणपतिशास्त्री यांनी १९२४-२५ मध्ये बडोद्याच्याच ग्रंथमालेत दोन खंडांत छापला. त्याच्या यंत्राध्यायात हलक्या लाकडाचा मोठा पक्षी, त्याच्या पोटात पारा, खाली अग्नी असे वर्णन येते. पण रचनेचा तपशील गुप्ततेसाठी दिलेला नाही, असे ग्रंथकार स्वतःच सांगून मोकळा होतो. बडोद्यालाच खरी पोथी होती. लोक मात्र नेमकी दुसरी उचलून घेऊन गेले.

युरोपातील अशा ग्रंथांत मला सर्वांत प्रिय आहे तो फादर फ्रांचेस्को लाना दे तेर्झी यांचा 'प्रोद्रोमो'. लाना १६३१ साली ब्रेशियात जन्मले, येशूसंघात गेले, आणि १६७० साली तेथेच त्यांनी हा ग्रंथ छापला. त्यातील एका प्रकरणात उडत्या नौकेची योजना आहे. तांब्याच्या अतिशय पातळ पत्र्याचे चार मोठे गोल करावयाचे, त्यांतील हवा काढून टाकावयाची. मग त्यांचे वजन त्यांनी बाजूला सारलेल्या हवेपेक्षा कमी भरेल आणि पाण्यावर लाकूड तरंगते तशी नौका हवेत तरंगेल. हवेला वजन असते हे तोरिचेल्ली आणि माग्देबुर्गचे गेरिक यांनी नुकतेच दाखविले होते. लाना यांनी त्यावरून आकडेमोड करून गोलांचे माप काढले. आकाशयानाचा विचार वजनमापाने मांडणारे हे पहिल्या काही लिखाणांपैकी एक.

चूक कोठे झाली? आतून रिता असलेल्या गोलावर बाहेरच्या हवेचा दाब दर चौरस मीटरला सुमारे दहा टन पडतो. कागदासारखा पातळ पत्रा तो झेलणार कसा? गोल क्षणात चेपून जातील. गोल आकारामुळे दाब सर्व बाजूंनी सारखा पडून पत्रा टिकेल, अशी लाना यांची समजूत होती. प्रयोग करून पाहिला असता तर हे कळले असते. पण गरिबीच्या व्रतामुळे त्यासाठी लागणारे शंभर ड्यूकॅट आपल्यापाशी नाहीत, असे त्यांनी सरळ लिहून ठेवले आहे. आणि आणखी एक अडचण त्यांनी नोंदविली, ती वाचताना आजही अंगावर काटा येतो. अशी नौका झाली तर कोणतेही शहर सुरक्षित राहणार नाही, वरून आग टाकून घरे, किल्ले आणि जहाजे जाळता येतील. म्हणून परमेश्वर हे यंत्र यशस्वी होऊ देणार नाही, असे त्या धर्मगुरूला वाटले. दुसऱ्या महायुद्धातील शहरांचे काय झाले हे आपण जाणतो.

लानांच्या ग्रंथाची वाट मात्र लख्ख उजेडातली आहे. १६७९ साली लंडनला रॉबर्ट हूकने त्या प्रकरणाचे इंग्रजी भाषांतर छापले. १९१० साली ब्रिटनच्या विमानविद्या मंडळाने जुन्या ग्रंथांची एक छोटी माला काढली, तीत केली आणि वेनहॅम यांच्या जोडीला लाना आले. चुकलेल्या माणसालाही त्यांनी पंक्तीत बसविले, कारण त्याचे म्हणणे काय होते हे पानावर छापलेले होते आणि ते कोणालाही तपासता येत होते.

आपल्या घरात सगळेच इतके स्वच्छ नाही, हेही सांगितले पाहिजे. ब्राझीलमध्ये जन्मलेले आणि काही काळ येशूसंघात उमेदवारी केलेले फादर बार्तोलोमेउ दे गुस्माँव यांनी ८ ऑगस्ट १७०९ रोजी लिस्बनमध्ये पोर्तुगालच्या राजासमोर कागदाचा एक लहान फुगा, खाली ज्योत ठेवून, दालनाच्या छताकडे उडविला. काही दिवस आधी केलेल्या प्रयोगात फुगा पेटला होता. पुढे पोप तेरावे इनोसंट झालेले कार्डिनल कोंती त्या वेळी लिस्बनला पोपचे वकील होते. त्यांनी हा प्रयोग पाहिला. ज्या तत्त्वावर १७८३ साली फ्रान्समध्ये माणसे आकाशात गेली, ते तत्त्व चौऱ्याहत्तर वर्षे आधी एका तरुण धर्मगुरूने दाखविले होते. एवढी खरी गोष्ट अभिमानाला पुरेशी होती. पण युरोपभर पसरले ते 'पासारोला' नावाचे चित्र: पक्ष्याच्या तोंडाची नौका, वर शीड, लोहचुंबकाचे गोळे, अंबराचे मणी. असले यंत्र कधीच नव्हते. चौकस लोकांची दिशाभूल करण्यासाठी ते चित्र मुद्दाम काढले गेले असावे, असे अभ्यासक मानतात. कित्येक कॅथलिक पुस्तकांनी मात्र कागदी फुगा बाजूला ठेवून हीच नौका अभिमानाने छापली. तळपदे यांच्या भक्तांना हसण्याआधी हे चित्र आठवावे.

राइट बंधूंचा उल्लेख वर आला म्हणून एक गोष्ट. तेही पुस्तकांच्या शोधातूनच निघाले. एका प्रॉटेस्टंट बिशपांचे हे दोघे पुत्र सायकलींचे दुकान चालवीत. ३० मे १८९९ रोजी विल्बरने वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेला पत्र लिहून उड्डाणासंबंधी जे जे छापील असेल ते मागविले. संस्थेने पुस्तिका पाठविल्या, शान्यूट आणि लँगली यांच्या ग्रंथांची नावे कळविली. दोघा भावांनी ते सारे भक्तिभावाने वाचले. मग पतंग आणि ग्लायडर उडवून पाहिले, तेव्हा लिलिएन्थालसारख्या थोर माणसाच्या कोष्टकांशीही आकडे जुळेनात. १९०१ च्या हिवाळ्याच्या तोंडी त्यांनी दुकानात लाकडी पेटीचा वायुबोगदा केला, सुमारे दोनशे लहान पंख त्यात तपासले, आणि स्वतःची कोष्टके तयार केली. किर्लोस्करवाडीच्या लेथची इथे आठवण झाल्यावाचून राहत नाही.

ग्रंथ असणे, तो तपासता येणे, यावर इतके अवलंबून असताना ग्रंथ नष्ट होतात तेव्हा काय होते? सातारा-सांगलीच्या लोकांना हे दोनदा पाहावे लागले. गांधीजींच्या हत्येनंतर १९४८ साली या भागात जाळपोळ झाली, तीत किर्लोस्करवाडीचा कारखाना होरपळला. त्याच वर्षी सातवळेकरांनी ऐंशीच्या घरात असताना औंध सोडले आणि स्वाध्याय मंडळ गुजरातेत पारडीला गेले. तीस वर्षांचा ग्रंथसंसार गाव बदलून गेला. दुसऱ्यांदा, ऑगस्ट २०१९ मध्ये, कृष्णेचे पाणी सांगलीत आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांवर चढले आणि दीडशे वर्षांची परंपरा असलेल्या नगर वाचनालयात शिरले. हजारो ग्रंथांचा लगदा झाला; त्यांत दुर्मिळ जुनी पुस्तकेही होती. असे एखादे पुस्तक गेले की त्यात काय होते याविषयी कोणीही काहीही म्हणावे, खोडून काढण्याचे साधनच उरत नाही. आज जो ग्रंथ चिखलात गेला, त्याच्या नावाने आणखी पन्नास वर्षांनी एखादी नवी पोथी अवतरणार नाही कशावरून?

उरलेले पुष्कळ आहे. औंधच्या टेकडीवर श्रीभवानी संग्रहालय आहे, त्याला जोडून ग्रंथसंग्रह आहे. वाईला मराठी विश्वकोशाची परंपरा आहे आणि प्राज्ञपाठशाळेची तर शतकाहून जुनी. सांगलीत १९४७ साली निघालेले अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, त्याला ज्यांचे नाव दिले त्या वालचंद हिराचंदांनी १९४० साली बंगलोरला हिंदुस्थान एअरक्राफ्टचा कारखाना काढला. हा मराठी मुलखातून निघालेला आणि खरोखर आकाशात गेलेला उद्योग. तळपदे यांच्यावर लिहिणाऱ्यांच्या शंभर पानांत वालचंदांना एक ओळ मिळत नाही, याचे मला वैषम्य वाटते.

आपल्या धर्मग्रामांतील घरांतही जुनी कपाटे असतात. रेल्वेत, लष्करात किंवा विमानदलात नोकरी केलेल्या आजोबांच्या पेटीत इंजिनांची पुस्तके असतात, 'निरोप्या'चे जुने अंक असतात, क्वचित एखादे मोडीतले बाड असते. त्यात 'प्राचीन विमानकलेचा शोध' हे १९०७ चे पुस्तक किंवा 'केसरी'चा १८९५ चा एखादा अंक सापडला, तर मुखपृष्ठावरचे नाव, छापखाना, गाव आणि साल एका कागदावर नीट उतरून घ्यावे, आणि तो कागद जवळच्या जिल्हा ग्रंथालयाला किंवा भांडारकर संस्थेला पाठवावा. पुस्तक घरीच, कोरड्या जागी, वरच्या फळीवर ठेवावे. कात्रण कापून कोणालाही देऊ नये. कात्रणावर तारीख राहत नाही.